मागच्या दारची बादली

हॉटेलात पुढच्या दाराने शिरणारी माणसं वाघमारेसाहेबांना भोळी वाटत. "पुढचं दार आपल्याला दाखवण्यासाठी असतं, आपटे," ते मला म्हणत. "हॉटेल मागे असतं." त्यामुळे त्यांच्याबरोबर जेवायला जायचं म्हणजे आधी एखाद्या बोळात शिरायचं, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि झोपलेली कुत्री ओलांडायची आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा ज्या बादलीत पडतो तिच्यापाशी जाऊन थांबायचं. साहेब पँट गुडघ्याशी जरा वर ओढून वाकत, खिशातली बोटाएवढी विजेरी काढत आणि घसा तपासणाऱ्या डॉक्टरसारखे अर्धा मिनिट बादलीत बघत राहत. मग सरळ होऊन "बसू या" म्हणत, नाहीतर "चला" म्हणत. तिसरा निकाल मी कधी ऐकला नाही.

बादली वाचण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. मेथीची भाजी वाढणाऱ्याच्या बादलीत मेथीच्या काड्या दिसल्या पाहिजेत. मटारची उसळ असेल तर टरफलं हवीत. लसणाची सालं, कोथिंबिरीची मुळं, नारळाच्या करवंट्या, दुधीचे देठ हे सगळं रोजच्या रोज आणि ओलं हवं. "मेनूकार्ड खोटं बोलतं, वाढपी खोटं बोलतो. साल खोटं बोलत नाही," असं ते म्हणत आणि विजेरी खिशात ठेवत.

आमची गाठ पडली ती हडपसरच्या पुढे नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. त्या वर्षांत पुण्याच्या त्या अंगाला रोज काहीतरी उगवत होतं. सोमवारी जिथे ऊस बघितला तिथे पुढच्या सोमवारी पाटी दिसायची. आमची कंपनी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. ते सॉफ्टवेअर कसं वापरावं याची पुस्तकं लिहिणं हे माझं काम होतं. ती पुस्तकं कोणी वाचत नसे, हे मला माहीत होतं आणि पगार देणाऱ्यांनाही माहीत होतं.

वाघमारेसाहेब टेस्टिंगचे प्रमुख होते. त्याआधी वीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी केली होती. बेचाळिसाव्या वर्षी ते कॉम्प्युटर शिकले आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींच्या घोळक्यात येऊन बसले. "भाग बदलले, खोट तीच आहे," एवढंच ते या स्थित्यंतराबद्दल बोलत. कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची असा नियम होता. तो सगळ्यांना जमला, पण या उंच, वाळक्या, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेल्या माणसाला "हाय भास्कर" म्हणायला कोणाची जीभ वळेना. अमेरिकेचे लोकसुद्धा फोनवर "मिस्टर वागमारी" म्हणत. आम्ही साहेब म्हणत असू.

आमचं कॅन्टीन म्हणजे एक शिक्षाच होती. एकाच पातेल्यातला रस्सा तिथे तीन नावांनी मिळायचा. त्यामुळे ऑफिसच्या समोर 'आईच्या हातची चव' अशी पाटी लावून एक हॉटेल निघालं तेव्हा आम्ही चौघं धावतच गेलो. आत भिंतीवर सूप टांगलेलं, कोपऱ्यात जातं ठेवलेलं, वाढप्यांच्या डोक्याला फेटे. साहेब आमच्याबरोबर होते. आम्ही खुर्च्या ओढल्या तेव्हा ते दिसेनात. दोन मिनिटांनी मागून आले आणि म्हणाले, "चला."

"का? काय झालं?"

"बादलीत नुसत्या फाटलेल्या पिशव्या आहेत. सोललेला लसूण, वाटलेलं आलं, तयार ग्रेव्ही." मग पाटीकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "यांची आई कारखान्यात कामाला असणार."

त्या दिवशी आम्ही कॅन्टीनमध्येच जेवलो, पण मी मात्र साहेबांचा झालो. दर शनिवारी-रविवारी त्यांची स्कूटर आणि मागे मी, असे आम्ही जेवायच्या जागा शोधत हिंडू लागलो. मी पोटासाठी जात होतो. ते कशासाठी जात होते, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

जागा शोधण्याची त्यांची आणखी एक पद्धत होती. सकाळी मंडईत जाऊन उभं राहायचं आणि भाजी कोण कशी घेतंय ते बघायचं. डोळे मिटून पोतं उचलणारा सोडून द्यायचा. जुडी उलटीपालटी करणारा, पान मोडून बघणारा, भाजीवालीशी भांडणारा माणूस गाठायचा आणि तो पिशवी घेऊन जाईल तिकडे मागोमाग जायचं. एका रविवारी असाच एक टोपीवाला गृहस्थ आम्हाला सापडला. त्याने एकेक करत मेथीच्या तीस जुड्या पारखून घेतल्या आणि त्यातल्या चार परत केल्या. साहेबांचे डोळे चमकले. "खानावळवाला आहे, आणि खानदानी आहे," ते म्हणाले. टेम्पो पुढे आणि आमची स्कूटर मागे, असे आम्ही फुरसुंगीच्या रस्त्याला लागलो.

टेम्पो एका दुमजली घरापाशी थांबला. आम्ही चहा वगैरे घेऊन, मुद्दाम दोन तास घालवून, जेवणाच्या वेळेला परत आलो. मागच्या अंगणात बायका बसल्या होत्या, काड्यांनी बादली ओसंडत होती. साहेबांनी विजेरी मारली, बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "बसू या," साहेब म्हणाले. पुढे मांडव होता, पंगत बसत होती. आम्ही बसलो. एका मुलीने येऊन आमच्या कपाळाला गंध लावलं. "पद्धत चांगली आहे," साहेब म्हणाले. जेवण असं होतं की मी बराच वेळ मान वर केली नाही. शेवटी मठ्ठा वाढणाऱ्याला मी विचारलं, "ताट कितीला?" तो हसून पुढे गेला. मग तो टोपीवाला गृहस्थच समोर येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आपण मुलाकडचे का?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "नाही. आम्ही भाजीकडचे."

त्यांनी मग सगळं खरं सांगितलं, मंडईपासून विजेरीपर्यंत. साखरपुडा होता. मुलीचे वडील आधी गोंधळले, मग त्यांना इतकं हसू लोटलं की त्यांनी टोपी काढून हातात घेतली, आणि आम्हाला पुन्हा बसवून जिलबी वाढायला लावली. निघताना साहेबांनी मुलीच्या हातात आहेर ठेवला आणि वडिलांना बाजूला घेऊन मनापासून सल्ला दिला, "खानावळ काढा."

जेवताना साहेब नेहमी समोर बसत, शेजारी कधीच नाही. दोन घास झाले की विचारत, "हं. सांगा."

"छान आहे," मी म्हणे.

"काय छान? कुठे छान? छान हा शब्द तपासणीच्या अहवालात चालत नाही, आपटे. पुस्तकं लिहिता ना तुम्ही?"

मग मला सांगावं लागे की आधी लसूण लागतो, मग मागून शेंगदाण्याचं कूट येतं, तिखट घशात नाही तर ओठांवर राहतं. साहेब माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत. स्वतः मात्र ते कधी पदार्थाला चांगलं म्हणाले नाहीत. "भाकरीचा पापुद्रा सुटलाय," म्हणत. "काकडी कचकन तुटते," म्हणत. "रस्सा पुरेसा गरम आहे," म्हणत. यापुढे नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी नारायण पेठेत वाढलो. आमच्या वडिलांनी आईच्या पुरणपोळीला चाळीस वर्षांत सर्वोच्च पदवी दिली ती "खाण्यासारखी झालीय" ही. साहेब त्याच पंथाचे असावेत असं मी धरून चाललो होतो.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते शीलावहिनींनी केलेल्या खिरीचा भलामोठा डबा ऑफिसात आणत. वहिनी बँकेत होत्या आणि खीर करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. साहेब डबा घेऊन टेबलाटेबलाशी फिरत आणि प्रत्येकाकडून अहवाल घेत. वेलदोडा जास्त वाटतोय का, दूध आटल्याचं कळतंय का, जायफळ आहे ते ओळखू येतंय का? एका कागदावर ते टिपून घेत आणि कागद घडी करून पेनांच्या खिशात ठेवत. पोरं मागे हसायची. साहेब घरी जाऊन वहिनींसमोर परीक्षेचा निकाल वाचतात, अशी चेष्टा मीही केली आहे.

मांजरी गावातली जागा आम्हाला एका म्हशीने दाखवली. जानेवारीतली दुपार होती, रस्ता चुकलो होतो, आणि कडेला एक म्हैस मटारच्या हिरव्यागार टरफलांचा ढीग शांतपणे खात उभी होती. साहेबांनी करकचून ब्रेक दाबला.

"आपटे, म्हैस मटार सोलत नाही."

"नाही, साहेब."

"मग इथे जवळच कोणीतरी किमान चार किलो मटार सोलले आहेत."

पन्नास पावलांवर एक पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती, नाव नव्हतं. मागे वीसेक गुंठ्यांचं रान, त्यात मटार, मेथी, कांद्याची पात, वांगी. तिन्ही बाजूंनी इमारतींचे खांब उभे राहत होते आणि मध्ये हा हिरवा तुकडा राहून गेला होता. दत्तोबा ते रान बघत आणि त्यांची बायको सुमनताई चुलीवर स्वयंपाक करत. आधी ऊसतोडीच्या माणसांना जेवण करून देत होत्या, आता बांधकामावरचे मुकादम, गवंडी, एखादा ट्रकवाला येत असे. बाजरीची भाकरी, मटारचा रस्सा, लसणावर परतलेली मेथी, खरडा, ताक. दुसरं काही नाही. मागच्या दाराशी बादली होती. ती दिवसातून तीनदा भरत होती, म्हशीपुढे रिकामी होत होती आणि म्हशीचं शेण परत त्याच रानात जात होतं.

साहेब त्या बादलीपाशी उकिडवे बसले ते पाच मिनिटं उठलेच नाहीत. सुमनताई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय हरवलं हाय का, दादा?"

"नाही," साहेब म्हणाले. "सापडलं."

त्या दिवसापासून आम्ही दुसरीकडे शोधणं सोडून दिलं. साहेबांनी मला एकच नियम सांगितला होता: चांगली जागा तीन माणसांना सांगावी, चौथ्याला सांगितली की ती जागा राहत नाही. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. वर्षभर पाळलीही.

पुढच्या डिसेंबरात साहेब कंपनीच्या कामाला महिनाभर अमेरिकेला गेले. एकट्याने जेवून आलो त्या दुपारी मी ऑफिसात बसून सुमनताईंच्या जेवणाबद्दल एक पान लिहिलं. साहेबांच्या तालमीत तयार झाल्यामुळे त्यात एकदाही छान हा शब्द नव्हता. लिहिलेलं वाचलं आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला. खाली रस्त्याचा नकाशा काढला आणि ते पान सहाशे माणसांना ई-मेलने पाठवून दिलं. चुकून बटण दाबलं गेलं असं मी नंतर काही जणांना सांगितलं, ते खोटं आहे. इतकी वर्षं कोणी न वाचलेली पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला कोणीतरी वाचावं असं वाटलं, एवढीच ती गोष्ट होती. आणि लोकांनी वाचलं. "ऑसम लिहिलंयस," "यार, कल ही चलते हैं," अशी उत्तरं दिवसभर येत राहिली. मी हवेत होतो.

साहेब परतले तेव्हा पुन्हा जानेवारी होता. विमानाचा शीण उतरायच्या आत ते म्हणाले, "चला, मांजरी." शेडसमोर मोटारी लागल्या होत्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आमचीच पोरं रांगेत उभी होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते मागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाठोपाठ गेलो.

बादली जवळजवळ रिकामी होती. तळाशी सोललेल्या गोठवलेल्या मटारच्या दोन पिशव्या आणि लसणाच्या पेस्टचं एक पाकीट होतं. पलीकडे रानात शेंगा तोडायच्या राहून जून झाल्या होत्या. म्हैस वाळका कडबा चघळत होती.

"ताई," साहेबांनी हाक मारली.

सुमनताई बाहेर आल्या. महिन्याभरात त्या पाच वर्षांनी थकल्या होत्या.

"मटार पिशवीतले?"

"मग काय करू? दीडशे मानूस येतंय. पहाटे तीनला उटते. दोन हातांनी किती सोलू? ह्यांचं कंबरडं मोडलंय. आन् उशीर झाला की वरडत्यात पोरं." त्यांचा आवाज चढला. "तुमीच तेवढं इचारताय. बाकी सगळी चांगलं म्हनून जात्यात."

"पण पूर्वीचं राहिलं नाही."

"तुमाला काय ठावं?" आता त्या खरंच चिडल्या. "वरीसभर जेवताय साहेब, कदी एका शब्दानं बोलला न्हाई की सुमन, बरं झालंय. आज आलाय खोट काडायला. काय फरक लागला तुमाला जिभंला, सांगा की."

साहेब विजेरी खिशात ठेवत, ऑफिसात बोलत त्याच आवाजात म्हणाले, "मला काहीच फरक लागणार नाही, ताई. मला वास येत नाही. तिशीत स्कूटरवरून पडलो, डोक्याला मार लागला, तेव्हापासून गेला तो गेला. खारट कळतं, गोड कळतं, तिखट झोंबतं. बाकी मेथी काय आणि गवत काय, सारखंच."

काकडी कचकन तुटणं, रस्सा गरम असणं, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. खिरीचा कागद आठवला आणि मला स्वतःची लाज वाटली. ज्या बायकोच्या हाताला अशी चव होती तिला स्वतःच्या जिभेने दाद देता येत नव्हती, म्हणून हा माणूस ती दारोदार गोळा करून घरी नेत होता.

सुमनताई पायरीवर बसल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग तुमाला पिशवीतलं काय आन् शेंगंतलं काय, साहेब? कशापायी येवढं?"

"बाहेर सगळीकडे मी दुसऱ्याच्या भरवशावर जेवतो," साहेब म्हणाले. "लोक म्हणतात ताजं आहे, मी खातो. ऑफिसात कोणी म्हणतं मस्त आहे, मी खातो. तुमच्याकडे मला कोणाला विचारावं लागत नव्हतं. मला दिसत होतं."

समोरून एक पोरगा "ताई, दो प्लेट और," म्हणून ओरडत होता.

तेव्हा मी सांगून टाकलं की गर्दी माझ्यामुळे झाली आहे. साहेब माझ्याकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "लिहिलं कसं होतं?"

"चांगलं होतं, साहेब."

"काय चांगलं? कुठे चांगलं?" असं म्हणून ते वळले आणि सुमनताईंच्या शेजारी पायरीवर बसले.

त्यांचा पुढचा तासभर तपासणीत गेला. रानातून रोज किती शेंग निघते, ताई आणि दत्तोबा न दमता किती सोलतात, चुलीवर दुपारपर्यंत किती भाकऱ्या होतात. सगळं धरून उत्तर चाळीस ताटांचं आलं. दत्तोबा कुरकुरले, आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं म्हणाले. सुमनताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "चाळीस मानसांत घर चालत हुतं की आपलं. आन् तवा तुमी माज्याशी दोन शब्द बोलत तरी हुता." मग त्या आत गेल्या, स्टीलची चाळीस ताटं मोजून फळीवर रचली आणि बाकीची माळ्यावर टाकली. फळी रिकामी झाली की जेवण संपलं.

पण हे रांगेतल्या पोरांना सांगणार कोण? सुमनताईंना नाही म्हणता येत नव्हतं, दत्तोबांना तर मुळीच नाही. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पुढचे तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत मी मांजरीला दारात उभा राहिलो. घरच्या वळणामुळे काम जड गेलं नाही. नाही म्हणायचं शिक्षण मला पाळण्यातच मिळालं होतं.

"ताटं संपली."

"पण आत तर भाकऱ्या दिसतायत."

"त्या आमच्या आहेत."

"उद्या मिळेल?"

"लवकर आलात तर. आपण लवकर येणाऱ्यांतले दिसत नाही."

तीन आठवड्यांत गर्दी ओसरली. आमची पोरं नव्या मॉलकडे वळली, मुकादम आणि गवंडी परत आले आणि बादली पुन्हा भरू लागली. पहिल्या दिवशी साहेबांनी तिच्यात विजेरी मारली आणि "बसू या" म्हणाले, तेव्हा सुमनताईंनी दत्तोबांकडे बघून मान डोलावली. मला माफी मिळाली की नाही ते मी विचारलं नाही. त्या दिवशी साहेबांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने खरडा वाढला, त्यावरून मी समजलो.

यानंतर साहेबांच्या बाबतीत आमच्यात लपवाछपवी राहिली नाही. मी जेवताना न विचारता बोलत राही, ते ऐकत. कधीकधी दुरुस्ती करत. "काल तुम्ही म्हणालात लसूण आधी येतो, आज म्हणता मेथीचा कडूपणा आधी येतो. नक्की काय?" मी पुन्हा घास घेई. चवीकडे इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी जेवलो नव्हतो. पुढच्या बुद्धपौर्णिमेला खिरीवर मी दोन पानं लिहून दिली. ती शीलावहिनींनी कपाटात ठेवल्याचं साहेबांनी सांगितलं. माझ्या लिखाणातलं तेवढंच काय ते कोणी जपून ठेवलं आहे.

काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले. वहिनींनीही बँक सोडली आणि दोघांनी नागपूरला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांना जेवायला घेऊन जावं म्हणून मी फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, "ते सकाळीच गेलेत. कुठे ते तुम्हाला माहीतच आहे."

मी मांजरीला गेलो. शेडच्या दोन बाजूंना आता सात-सात मजले होते आणि गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते, पण रान होतं. सवयीप्रमाणे मी मागच्या बाजूने गेलो आणि कोपऱ्यावरच थांबलो.

साहेब एका पालथ्या घमेल्यावर बसून मटार सोलत होते. टरफलं बादलीत पडत होती. सुमनताई आत चुलीपुढे होत्या, दाराकडे पाठ करून. त्यांना उघड्या दारातून साहेब दिसत नव्हते, पण त्यांच्यासाठीच त्या मोठ्याने बोलत होत्या. त्यांचं हे रोजचं चाललं असणार, मला मात्र कधी कळलं नव्हतं.

"त्याल तापलं बगा, साहेब. मोहरी टाकली. ऐकू येतीय न्हवं? आता लसूण. आदी उग्र लागतो, नाकात जातो, मग हळूहळू गोड हुतो, जत्रंत खारं दाणं भाजत्यात तसा. हां, झाला लाल. आता मेथी घातली. वल्या रानाचा वास सुटलाय, पहाटं पानी दिलेल्या रानाचा. आन् मागनं कडू."

साहेबांचे हात थांबले होते. एक शेंग उघडून तशीच बोटांत धरलेली. डोळे मिटलेले.

"कसं झालंय?" सुमनताईंनी आतून विचारलं.

"छान," साहेब म्हणाले.

काय छान, कुठे छान, हे विचारायची माझी पाळी आली होती. मी विचारलं नाही. तसाच मागे फिरलो, पुढच्या दाराने आत गेलो आणि फळीवरून माझं ताट घेतलं.